दुसऱ्या हीटची पोरं

स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या खेळात लीग सामन्याला पंधरा हीट, म्हणजे छोट्या शर्यती, होतात आणि मला त्यातली दुसरी सगळ्यात जास्त आवडते. हे ऐकून इथले, मँचेस्टरचे, जुने प्रेक्षक हसतात. पहिल्या हीटला दोन्हीकडचे मुरलेले गडी गेटवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रेषेवर, येतात, पंधराव्या हीटपर्यंत सामना टांगणीला लागलेला असतो. दुसऱ्या हीटला काय असतं? रिझर्व्ह. सात जणांच्या संघातले सहा आणि सात नंबरचे, म्हणजे कागदावर सगळ्यात कच्चे. यजमानांचे दोघं लाल आणि निळ्या हेल्मेटमध्ये, पाहुण्यांचे दोघं पांढऱ्या आणि पिवळ्या. खालच्या लीगचा सामना असेल तर या चौघांतल्या एखाद्याला रस्त्यावर कार चालवायचं लायसन्सही मिळालेलं नसतं. त्याची मोटरसायकल व्हॅनमध्ये घालून दीडशे मैल बाप आणतो आणि ट्रॅकवर मात्र पोरगं एकटं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी जरा सांगते. लंबगोल ट्रॅक, त्यावर दगडाचा लालसर चुरा. त्याला इथे शेल म्हणतात. चार जण, चार फेऱ्या, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, शेवटच्याला भोपळा. गाडी ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर पळणारी, एकाच गिअरची. तिला ब्रेक नसतो. कमी ताकदीचा किंवा फक्त मागच्या चाकाला असं काही नाही, मुळात नसतोच. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, हँडल वळणाच्या उलट बाजूला फिरवायचं आणि डाव्या बुटाखाली बसवलेला पोलादी तळ जमिनीवर घासत तोल सांभाळायचा. या सगळ्यात थ्रॉटल मिटवायचा मोह आवरायचा, कारण नवखा घाबरून तो एकदम मिटवतो तेव्हाच बहुतेक वेळा घात होतो. हे सगळं साधारण मिनिटभरात संपतं.

आपल्याकडे जावा-येझदी म्हटलं की प्रत्येकाला कुणाचे तरी काका आठवतात. त्याच चेक जावानं स्पीडवेच्या गाड्याही बनवल्या. दिविशोव्हचा एसो नावाचा कारखाना १९६४ साली जावात सामील झाला आणि पुढे कितीतरी वर्षं मोठमोठे रायडर त्या गाड्यांवर जिंकले. मी इथे पहिल्यांदा एका जुन्या गाडीच्या टाकीवर ते नाव वाचलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मँचेस्टरला नोकरीसाठी आले तेव्हा मला हा खेळ फक्त आवाजानं ठाऊक होता. घरापासून फार लांब नाही, गॉर्टनमध्ये, २०१६ साली उघडलेलं नॅशनल स्पीडवे स्टेडियम आहे आणि वारा तिकडून असला की सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येई. शेजारचे आजोबा बसचालक म्हणून निवृत्त झालेले. ते बेल व्ह्यू एसेस या इथल्या संघाचे लहानपणापासूनचे चाहते. हाइड रोडचा जुना ट्रॅक १९८७ साली बंद पडला त्याचं सुतक त्यांनी अजून सोडलेलं नाही. तेच मला घेऊन गेले. हातात कार्यक्रमपत्रिका दिली, बॉलपेन दिलं आणि म्हणाले, लिहीत राहा. प्रत्येक हीटचा निकाल प्रेक्षकांनी आपापल्या पत्रिकेतल्या चौकटीत लिहायचा, अशी इथली रीत आहे. स्कोअरबोर्डावर सगळं दिसत असतं तरी माणसं लिहितात. थंडीत बोटं आखडली तरी लिहितात. आमच्या आजोबांच्या माळ्यावर अशा भरलेल्या पत्रिकांची खोकी आहेत आणि त्यांच्या लेकीला ती कधी एकदा टाकते असं झालंय.

बेल व्ह्यूचे संघ दोन. एसेस वरच्या लीगमध्ये, आणि कोल्ट्स सगळ्यात खालच्या, म्हणजे नॅशनल डेव्हलपमेंट लीगमध्ये. एसेसच्या सामन्याला कॉफीची रांग असते. कोल्ट्सच्या सामन्याला कॉफीवालाच गप्पा मारायला बाहेर येतो. मी हळूहळू कोल्ट्सकडे सरकले. आजोबांना ते आवडलं नाही. त्यांच्या लेखी तो सराव आहे, सामना नव्हे.

पण कोल्ट्सचा इतिहास आजोबांनाच तोंडपाठ आहे, आणि तो सरावाचा नाही. १९६५ साली ब्रिटनमधल्या दोन भांडणाऱ्या लीग एकत्र येऊन ब्रिटिश लीग झाली. एकत्र आल्यावर सगळे एकाच पंक्तीला बसले, मग नव्या पोरांनी शिकायचं कुठे? म्हणून १९६८ साली डिव्हिजन टू काढली. बेल व्ह्यूनं आपल्या पोरांचा संघ तिच्यात उतरवला, त्याचं नाव कोल्ट्स, म्हणजे शिंगरं. शिंगरांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली, १९६९ साली पुन्हा जिंकली, आणि १९७० मध्ये तो सगळा बाडबिस्तरा जवळच्या रॉचडेलला हलवून रॉचडेल हॉर्नेट्स असं नवं नाव दिलं. १९७१ साली त्या रॉचडेलमध्ये पीटर कॉलिन्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, पोलंडच्या होझूफ शहरातल्या प्रचंड मैदानावर तो विश्वविजेता झाला. मधल्या काळात तो अर्थातच एसेसचा झाला होता. रॉचडेलचा स्पीडवे तेव्हा केव्हाच बंद पडलेला होता.

मला या गोष्टीतला कॉलिन्सइतकाच रॉचडेल खुपतो. ज्या ट्रॅकवर माणूस घडला तो ट्रॅक त्याच्या विजयाच्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. या खेळात असं इतक्या वेळा झालंय की कुणाला त्याचं काही वाटेनासं झालंय.

याच्याही आधीची गोष्ट न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरची. १९५७ साली सतरा-अठराव्या वर्षी तो क्राइस्टचर्चहून बोटीनं लंडनला आला, विंबल्डनच्या संघात शिरकाव करायला. तेव्हा विंबल्डन म्हणजे वरचा दर्जा. तिथे त्याची डाळ शिजली नाही. मैदानावर पडेल ते काम केलं, थोड्याफार शर्यती मिळाल्या, आणि हात हलवत परत गेला. पुन्हा आला तो १९६३ साली, न्यूकॅसल डायमंड्सकडे, प्रोव्हिन्शियल लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये. तिथे त्याला आठवड्यामागून आठवडे पूर्ण शर्यती मिळाल्या आणि त्या वर्षीचं आणि पुढच्या वर्षीचं त्या लीगमधलं वैयक्तिक विजेतेपद त्यानं घेतलं. पुढे सहा वेळा जगज्जेता झाला. पहिली तीन विजेतेपदं तर लागोपाठ, १९६८ ते १९७०. वरच्या लीगमध्ये त्याला कुणी वाईट वागवलं असं नाही. तिथे त्याला शर्यतीच मिळत नव्हत्या, आणि शर्यत सोडून दुसऱ्या कशानं हा खेळ येत नाही. सरावात एकटं फिरताना वळण जमतं, पण शेजारच्याच्या चाकाखालून उडालेला शेल चेहऱ्यावर बसत असताना तेच वळण कसं घ्यायचं ते सराव शिकवू शकत नाही.

खालच्या लीगची नावं मात्र इतक्या वेळा बदलली आहेत की त्यावर वेगळी वही घालावी. डिव्हिजन टूची १९७५-७६ मध्ये नॅशनल लीग झाली. नव्वदच्या दशकात तिसरा दर्जा निघाला, त्याला आधी डिव्हिजन थ्री, मग अ‍ॅकॅडमी लीग, मग कॉन्फरन्स लीग म्हटलं. २००९ मध्ये तोच पुन्हा नॅशनल लीग झाला आणि आता नॅशनल डेव्हलपमेंट लीग. पाट्या रंगवणाऱ्यांचं भलं झालं.

आता गणिताकडे येते. माझ्या मते या खेळातली खरी गंमत आणि खरी क्रूरता दोन्ही त्यातच आहेत.

प्रत्येक रायडरचं एक अ‍ॅव्हरेज असतं. मिळवलेले गुण भागिले धावलेल्या शर्यती, गुणिले चार. सगळ्या शर्यती जिंकणाऱ्याचं बारा, आठवड्याला चार शर्यतींत जेमतेम तीन गुण काढणाऱ्याचं तीन. संघ बांधताना सातही जणांच्या अ‍ॅव्हरेजची बेरीज लीगनं ठरवलेल्या मर्यादेत बसवावी लागते. हेतू चांगला आहे. पैसेवाल्या क्लबनं सगळे तगडे गडी गोळा करू नयेत, सामने एकतर्फी होऊ नयेत. वरच्या लीगमध्ये हे ठीक चालतं. पोरं घडवणाऱ्या क्लबात काय होतं ते बघा.

समजा मार्चमध्ये तुम्ही तीन अ‍ॅव्हरेजची तीन पोरं घेतलीत. त्यांच्यावर जीव लावलात. सामना संपल्यावर दिवे चालू ठेवून त्यांना जादा फेऱ्या दिल्यात, गेटवर क्लच कसा सोडायचा ते शिकवलंत, कुणाचा गुडघा सुजला तर डॉक्टरकडे नेलंत. ऑक्टोबरपर्यंत तिघं साडेसहावर पोचले. आता पुढच्या वर्षी तुमच्या संघाची बेरीज मर्यादेच्या वर जाते. म्हणजे त्या तिघांतल्या एकाला तरी, कदाचित दोघांना, निरोप द्यायचा. जितकं चांगलं शिकवाल तितका संघ लवकर मोडेल. जो क्लब काहीच शिकवत नाही त्याचा संघ वर्षानुवर्षं एकत्र राहू शकतो, निदान कागदावर. शाळेतून पोरं पुढच्या वर्गात जातात त्याचं शिक्षकाला दुःख नसतं म्हणावं, तर इथे शाळेलाही दर आठवड्याला सामना जिंकायचा असतो, आणि सामना हरला तर पुढच्या आठवड्याला तिकिटं कमी खपतात.

याच गणितामुळे एखाद्या पोराला सीझनच्या शेवटी फार गुण काढू नकोस असं कुणी सुचवतं की काय, अशी कुजबूज स्टँडमध्ये नेहमी असते. मी तसं होताना पाहिलेलं नाही. ती कुजबूज मात्र प्रत्येक सप्टेंबरात ऐकली आहे.

माझं बालपण दादरचं. कांगा लीगमध्ये पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर बँकेतून हाफ डे टाकून आलेला पन्नाशीचा गृहस्थ आणि अकरावीतला मुलगा एकाच संघातून उतरतात, आणि तो मुलगा त्या गृहस्थाच्या शिव्या खात क्रिकेट शिकतो. कोल्ट्सच्या पिटमध्ये मला तोच वास येतो, फक्त ओल्या मातीच्या जागी मिथेनॉलचा.

पिट म्हणजे छपराखाली ओळीनं खुंट्या, स्टँडवर चढवलेल्या गाड्या आणि प्रत्येक गाडीभोवती एक अख्खं कुटुंब. एकदा सामन्याआधी कठड्यापलीकडून मी एका बापलेकांना बराच वेळ बघत होते. मुलगा सोळाचा असेल. बाप मागचं चाक उतरवत होता, कारण पाऊस शिंपडून गेला होता, ट्रॅक जड झाला होता आणि मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदलायचं होतं. दोघं एक शब्द बोलत नव्हते. बापानं हात पुढे केला की मुलगा बरोबर तोच पाना हातात ठेवी. चाक बसलं, साखळी चढली, मग बापानं बोटानं साखळी वरखाली करून ताण बघितला, मुलानं तीच साखळी पुन्हा बघितली. बापाचा चेहरा किंचित पडला. मुलानं ते पाहिलं आणि तिसऱ्यांदा मात्र हात लावला नाही. मग त्यानं पोलादी तळ बुटावर चढवला. हा तळ त्या त्या बुटाच्या मापानं वाकवून, जोडून बनवलेला असतो, त्यामुळे बूट बदलला की तोही नवा करावा लागतो, आणि वाढत्या वयाच्या पोरांचे पाय काही थांबत नाहीत. पट्टा आवळताना त्याची बोटं थरथरत होती. थंडीही होती म्हणा.

दुसरी हीट. दोन मिनिटांचा इशारा झाला. चौघं गेटवर येऊन बुटाच्या टाचेनं आपापल्या रांगेतला शेल उकरू लागले, चाकाला पकड मिळावी म्हणून. पंचानं हिरवा दिवा लावला, गेटवर आडव्या ताणलेल्या टेप वर उडाल्या आणि हा पोरगा त्या उडायच्या आधीच हलला. टेप तुटली. शर्यत थांबली. पिटजवळ त्याच्या हेल्मेटच्या रंगाचा दिवा लागला. अशा वेळी नियमाप्रमाणे बाद तरी व्हायचं किंवा पंधरा मीटर मागून निघायचं. त्याला पंधरा मीटर मागे उभं केलं. पंधरा मीटर ऐकायला काही नाही. मिनिटभराच्या शर्यतीत तो डोंगर असतो. पहिल्या वळणावर पुढचे तिघं एकमेकांत अडकले, बाहेरून शेलचा थर जाड होता तिथून हा गेला आणि शर्यतीत दुसरा आला. आमच्या बाजूच्या माणसांनी एसेसच्या विजयालाही इतका गलका केला नसता. पिटमध्ये परतल्यावर बापानं त्याच्याशी काय बोलावं? त्यानं टेपबद्दल झापलं. बराच वेळ झापलं. मी पत्रिकेत दोन लिहिलं आणि आजोबांनी शेजारून वाकून ते बरोबर लिहिलंय ना ते बघितलं.

मोठ्या क्लबनं आपणहून खाली उतरायचं ठरवलं की वर्तमानपत्रं त्याला घसरण म्हणतात. आजोबाही म्हणतात. मला त्यात तीन जाती दिसतात.

बर्मिंगहॅमचं घ्या. २०१४ साली वरच्या एलिट लीगमध्ये असताना मोसमाच्या मध्यावरच पैसे संपले आणि क्लब बंद पडला. २०१५ मध्ये नव्या माणसांनी तो थेट तिसऱ्या दर्जाच्या नॅशनल लीगमध्ये उतरवला. खर्च कमी, रायडर बहुतेक इथलेच आणि तरुण. त्या वर्षी लीग जिंकली, पुढच्या वर्षीही. २०१९ मध्ये एक पायरी वर, चॅम्पियनशिपमध्ये. २०२४ मध्ये प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे जिथून पडले होते तिथे. ईस्टबोर्नचं पहिलं अर्ध तसंच. २०१४ चा एलिट लीगचा मोसम झेपला नाही म्हणून २०१५ मध्ये ते नॅशनल लीगमध्ये आले, २०१८ ला जिंकले, २०१९ ला वर चढले. टॉम ब्रेनन हा पुढे ब्रिटिश संघापर्यंत पोचलेला मुलगा त्यांच्या त्या खालच्या दिवसांतला. पण २०२१ साली मोसम अर्ध्यावर असताना ईस्टबोर्ननं गाशा गुंडाळला. खाली असताना जे तगले ते वर गेल्यावर दोन मोसमही धड टिकले नाहीत. यातली घसरण कुठली?

कोव्हेंट्रीची गोष्ट आणखी वेगळी. १९२८ पासून ब्रॅंडनचा ट्रॅक. २०१६ नंतर तिथे शर्यती थांबल्या. जागा घरबांधणीवाल्यांच्या हातात गेलेली, आत नासधूस, आगी. २०१८ मध्ये कोव्हेंट्री बीज या नावानं एक संघ नॅशनल लीगमध्ये उतरला आणि घरचे सामने लेस्टरच्या ट्रॅकवर खेळला. विश्वविजेते अंगाखांद्यावर खेळवलेल्या क्लबचं नाव, सगळ्यात खालची लीग आणि घर दुसऱ्याचं. नाव जिवंत राहावं एवढ्यासाठी पोरांना ते नाव पाठीवर वागवायला दिलं होतं. त्यात पोरांचं काही वाईट झालं नाही, शर्यती मिळाल्या. पण ते पोरांसाठी होतं असं मी म्हणणार नाही.

आणि तिसरी जात आहे तिचं नाव घेत नाही. पैसे वाचवायला खाली यायचं, मुलाखतीत तरुणांना संधी, तरुणांना संधी असं घोकायचं, आणि शेवटची हीट झाली की पाच मिनिटांत दिवे बंद. माझी कसोटी साधी आहे. मुख्य सामन्यानंतर ट्रॅक पोरांसाठी खुला ठेवता का? पूर्वी याला सेकंड हाफ म्हणत. सामना आटोपला की अजून संघात न आलेल्या शिकाऊ पोरांच्या दोन-चार शर्यती व्हायच्या, प्रेक्षक चहा पीत थांबायचे. त्या वेळेचा खर्च असतो. रुग्णवाहिका थांबवावी लागते, मार्शल थांबवावे लागतात, ट्रॅक्टर पुन्हा फिरवावा लागतो. जो प्रमोटर हा खर्च करतो त्याच्या तोंडी तरुणांना संधी हे शब्द शोभतात.

धोक्याविषयी न बोलता पुढे जाणं बरं दिसत नाही. टाय वॉफिंडनचा जन्म स्कंथॉर्पचा, बालपण ऑस्ट्रेलियात पर्थला. बाप रॉबही रायडर. २००६ साली, सोळावं लागायच्या आधीच, टाय स्कंथॉर्पकडून कॉन्फरन्स लीगमध्ये उतरला, म्हणजे तेव्हाच्या तिसऱ्या दर्जात. त्या वर्षी स्कंथॉर्पनं लीग मारली. पुढच्या वर्षी तो एक दर्जा वर, राय हाउसला. बाप २०१० मध्ये कर्करोगानं गेला. पोरगा २०१३, २०१५ आणि २०१८ अशी तीनदा विश्वविजेतेपदं घेऊन बसला. ही झाली गोड बाजू. मार्च २०२५ मध्ये पोलंडच्या क्रोस्नोला सरावाच्या सामन्यात तो पडला आणि शरीरातली किती हाडं मोडली त्याची यादी बातम्यांत वाचवत नव्हती. डार्सी वॉर्ड सतराव्या-अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियातून किंग्ज लिनला आला, दोनदा २१ वर्षांखालील विश्वविजेता झाला आणि २०१५ साली झेलोना गुरा इथे पडून कमरेखाली लुळा झाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

हे दोघं कसलेले रायडर होते. मग दुसऱ्या हीटच्या पोरांना कुणी उतरू द्यावं का? माझ्या बहिणीनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हीट बघितली आणि विचारलं, या मुलांना आया नाहीत का गं? आहेत. त्या पिटच्या कठड्याशी असतात आणि शर्यत सुरू असताना त्यांच्यातल्या काही जणी ट्रॅककडे पाठ करून उभ्या राहतात. माझ्याकडे याला उत्तर नाही. खालच्या लीगची बाजू घेऊन एवढंच म्हणता येतं की कच्च्या पोरानं पडायचंच असेल तर आपल्याच दर्जाच्या तिघांबरोबर, त्याच्याच वेगात पडावं. मधली पायरी काढून टाकली तर हीच पोरं थेट मोठ्यांच्या चाकांमध्ये जातात.

पोलंडनं हे ओळखून नियमातच पाचर मारून ठेवली आहे. तिथे हा खेळ गावाच्या इभ्रतीचा आहे, मैदानं भरतात, पैसा आहे. प्रत्येक लीग संघात २१ वर्षांखालचे पोलिश ज्युनिअर ठेवावेच लागतात आणि दुसरी हीट त्यांचीच. म्हणजे मोठ्या क्लबला पोरं घडवल्यावाचून सामनाच लढवता येत नाही. २०२२ पासून वरच्या क्लबांची २४ वर्षांखालच्यांची वेगळी लीगही चालते. लहान गाड्यांवरचा मिनी स्पीडवे तर शाळकरी वयात सुरू होतो. ब्रिटनमध्ये वरच्या संघात एक जागा उगवत्या ब्रिटिश रायडरसाठी राखली जाते. चांगलं आहे, पण एक जागा म्हणजे सातातली एक. बाकी भार खालच्या लीगवर, जिच्यात कधी किती क्लब उतरतील हे मार्च उजाडेपर्यंत ठरत नाही.

तरीही या तुटपुंज्यातून काय निघतं ते मी ऑक्टोबर २०२१ मध्ये इथेच, गॉर्टनला बघितलं. स्पीडवे ऑफ नेशन्सची अंतिम फेरी. ब्रिटनकडून रॉबर्ट लॅम्बर्ट आणि डॅन बेवली. बेवली कंब्रियाकडचा, कोल्ट्सच्या रंगात धावलेला, मग वर्किंग्टन, मग एसेस. १९८९ नंतर पहिल्यांदा ब्रिटन सांघिक विश्वविजेता झालं. आजोबा रडले आणि मग रडलो नाही म्हणाले. मी त्यांना म्हटलं, बघा, कोल्ट्स. तर म्हणतात, एसेस.

वर्किंग्टन २०१८ साली आपल्या लीगचं विजेतेपद घेऊन लगेच बंद पडलं होतं, हे त्या रात्री कुणाच्या तोंडी नव्हतं. आता ते नव्या ट्रॅकवर पुन्हा उभं राहिलंय, आणि सुरुवात अर्थात सगळ्यात खालून, डेव्हलपमेंट लीगमधून.

माझी मागणी पैशाची आहे. फुटबॉलमध्ये खेळाडू विकला गेला की रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वयात शिकवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. फिफाचा नियमच आहे. स्पीडवेतल्या रायडरला खरा पैसा पोलंडमध्ये मिळतो. तिथल्या त्याच्या करारातला एक लहानसा हिस्सा, तो जिथे टेप तोडायला आणि पंधरा मीटर मागून यायला शिकला त्या क्लबला, देशाची सीमा ओलांडून, दर वर्षी मिळायला हवा. त्यातून एखाद्या रॉचडेलचे दिवे चालू राहतील. अ‍ॅव्हरेजच्या मर्यादेतही, स्वतःच्या ट्रॅकवर शिकलेल्या मुलाला दोन वर्षं सूट द्या. संघ मोडण्याची शिक्षा शिकवणाऱ्याला कशाला?

हे सगळं मी आजोबांना एका सोमवारी पहिल्या हीटपासून सहाव्या हीटपर्यंत पटवून देत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पोलंडहून तो चेक येईपर्यंत या मोसमाचा शेल कोण विकत घेणार ते आधी सांग, आणि सहाव्याचा निकाल लिहायचा राहिलाय तुझा.